‘स्टोरेज फुल’: फोन आणि टॅबलेटमधल्या जागेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चवथ (गणेशचतुर्थी), गावची जत्रा किंवा घरातले लग्न झाले, की आठवडाभरात फोन ‘जागा संपली’ म्हणून कुरकुरायला लागतो. मग घाईघाईत हाताला लागेल ते पुसले जाते आणि नेमके नको ते जाते. ही उत्तरे त्या घाईच्या आधी वाचण्यासाठी आहेत. मेनूतले शब्द कंपनीगणिक थोडे बदलतात. सॅमसंग, शाओमी, विवो यांत नाव वेगळे दिसले तरी वाट साधारण तीच असते.

१२८ जीबीचा फोन घेतला, पण वापरायला शंभरच्या आसपासच मिळते. बाकीची जागा कुठे गेली?

थोडी हिशेबात गेली, बरीचशी सिस्टीमने घेतली. कंपन्या १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. त्यामुळे १२८ जीबीचे मेमरी कार्ड विंडोजला जोडले तर ११९ दिसते, ६४ चे जेमतेम ६०. वजनात मारलेले नाही, तराजू दोन आहेत इतकेच.

सिस्टीम आणि कंपनीने आधीच टाकलेली ॲप मिळून १५ ते २५ जीबी सहज घेतात. ती जागा तुमची कधी नव्हतीच. म्हणून ६४ जीबीचा फोन घेताना हातात चाळीसच येणार असे धरून चालावे.

तिसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत ‘रॅम प्लस’ किंवा ‘मेमरी एक्स्टेन्शन’ नावाची सोय चालूच असते. ती स्टोरेजमधलीच ४, ६ किंवा ८ जीबी जागा रॅमला मदत म्हणून राखून ठेवते. जागेची चणचण असेल तर ती बंद करा किंवा सर्वांत कमी आकड्यावर आणा आणि फोन रीस्टार्ट करा. बहुतेकांना वेगात फरक जाणवत नाही.

किती जागा मोकळी ठेवावी? अगदी शेवटच्या जीबीपर्यंत वापरले तर काय बिघडते?

एकूण जागेच्या १० ते १५ टक्के. १२८ जीबीच्या फोनात १३ ते १९ जीबी.

फोनातली मेमरी पाटीसारखी नसते, जुन्यावर थेट नवे लिहिता येत नाही. आधी एक मोठा ठोकळा मोकळा करावा लागतो, मग त्यात लिहिता येते. मोकळी जागा भरपूर असली की हे काम मागच्या मागे होते. भरत आली की प्रत्येक वेळी इकडचे तिकडे सरकवावे लागते, म्हणून फोन अडखळतो, कॅमेरा उशिरा उघडतो आणि तापतोही. जागा शून्याकडे गेली की व्हॉट्सॲप उघडायला नकार देते, सिस्टीमचे अपडेट उतरत नाही आणि काही फोनांत नवे एसएमएस येणे थांबते. बँकेचा ओटीपी येत नाही म्हणून लोक रेंजला दोष देत बसतात. एकदा जागा तपासून पाहा.

साफसफाई कुठून सुरू करावी?

पुसण्यापासून नव्हे, पाहण्यापासून. अँड्रॉइडमध्ये ‘सेटिंग्ज’, मग ‘स्टोरेज’. सॅमसंगमध्ये हे ‘डिव्हाइस केअर’च्या पोटात असते. आयफोन-आयपॅडवर ‘सेटिंग्ज’, ‘जनरल’, ‘आयफोन स्टोरेज’ किंवा ‘आयपॅड स्टोरेज’. यादी भरायला मिनिटभर लागते, तेवढा धीर धरा. मग वरची पाच नावे कागदावर आकड्यांसकट लिहून काढा. बहुतेक फोनांत त्या पाचांत व्हॉट्सॲप, कॅमेऱ्याचे व्हिडिओ आणि एखादे डाउनलोड करून पाहायचे ॲप असतेच. या पाचांतच ऐंशी टक्के काम होते. ५० एमबीची दहा ॲप काढून अर्धा जीबी मिळवण्यात वेळ घालवू नका.

व्हॉट्सॲपने २०-३० जीबी घेतले आहेत. गप्पा न गमावता कसे कमी करू?

व्हॉट्सॲपच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ आणि त्यात ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. वर दोन खण दिसतात. ‘फॉरवर्डेड मेनी टाइम्स’ या खणात सुप्रभातची फुले, औषधांचे रामबाण उपाय आणि दहा ठिकाणांहून फिरून आलेले व्हिडिओ असतात. एक नजर टाकून हा सगळा रिकामा करायला हरकत नाही. दुसरा खण ‘लार्जर दॅन ५ एमबी’. इथे मात्र थांबा. जहाजावर असलेल्या तारवटी भावाने पाठवलेला व्हिडिओ, घराच्या प्लॅनची फाइल, लग्नाचे फोटो हे सारे यातच असते. एकेक पाहून निवडा.

त्याखाली गप्पांची यादी आकाराप्रमाणे लावलेली असते. पहिल्या क्रमांकावर बहुधा देवस्थानाचा, वाड्यावरचा नाहीतर शाळेतल्या बॅचचा ग्रुप असतो. तो उघडा, वरच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून ‘लार्जेस्ट’ असा क्रम लावा. एकावर बोट दाबून धरले की बाकीच्यांवर टिचकी मारत अनेक निवडता येतात. असे केल्याने फक्त फोटो-व्हिडिओ-फाइली जातात. लिहिलेले मेसेज जागेवर राहतात. निवडताना पीडीएफवर लक्ष ठेवा, व्हिडिओंच्या ओघात तीही निवडली जाते.

पुसण्याआधी एक फरक नीट समजून घ्या. अँड्रॉइडमध्ये गॅलरीत दिसणारा ‘व्हॉट्सॲप इमेजेस’ फोल्डर आणि चॅटमधला फोटो ही एकच फाइल असते. एका ठिकाणी पुसली की दुसरीकडेही गेली. ‘गॅलरीत आहे ना’ म्हणून चॅटमधून काढलेले बारशाचे फोटो असेच हरवतात. हवा तो फोटो आधी दुसऱ्या फोल्डरात कॉपी करा. आयफोनवर उलटे आहे. ‘सेव्ह टू फोटोज’ चालू असेल तर प्रत्येक फोटो दोन ठिकाणी दोनदा जागा खातो, तेव्हा चॅटमधली प्रत निर्धास्त काढावी.

अँड्रॉइडवर आणखी दोन कोपरे झाडण्यासारखे आहेत. ‘फाइल्स’ ॲपमधून इंटर्नल स्टोरेज, ‘अँड्रॉइड’, ‘मीडिया’, मग व्हॉट्सॲपचा फोल्डर असे आत जा. तिथे ‘व्हॉट्सॲप व्हिडिओ’च्या आत ‘सेंट’ नावाचा फोल्डर आहे. तुम्ही इतरांना पाठवलेल्या प्रत्येक व्हिडिओची प्रत त्यात साचते, मूळ व्हिडिओ बहुधा कॅमेऱ्याच्या फोल्डरात असतो. ‘सेंट’ रिकामा केला तर समोरच्याकडची प्रत जात नाही, फक्त तुमच्या चॅटमध्ये ती उघडत नाही. दुसरा फोल्डर ‘डेटाबेसेस’. यात गेल्या सात दिवसांपर्यंतचे बॅकअप असतात. मेसेजांचा साठा एक जीबीचा असेल तर हे मिळून सहा-सात जीबी होतात. ज्या फाइलीच्या नावात तारीख नाही ती सर्वांत ताजी, तिला हात लावू नका. तारखा असलेल्या जुन्या काढता येतात.

ग्रुपमध्ये येणारे पुन्हा पुन्हा भरू नये यासाठी काय करावे?

‘स्टोरेज अँड डेटा’मध्येच ‘मीडिया ऑटो-डाउनलोड’ आहे. मोबाइल डेटा आणि वायफाय, दोन्हींत व्हिडिओवरची खूण काढा. नुसती मोबाइल डेटाची खूण काढून घरच्या वायफायवर सगळे उतरू देणारे पुष्कळ. ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केल्याने जागा वाचते हा गैरसमज आहे. फोटो गॅलरीत दिसत नाहीत, पण फोनात असतातच. केर गालिच्याखाली सारला, एवढेच.

‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ यांत फरक काय?

कॅशे म्हणजे ॲपने पुन्हा पुन्हा आणावे लागू नये म्हणून जवळ ठेवलेला उसना माल. तो काढला तर काही बिघडत नाही, ॲप पहिल्यांदा जरा सावकाश उघडते. पण तो पुन्हा साठतो, त्यामुळे रोज कॅशे साफ करणे हे काम नव्हे. महिन्या-दोन महिन्यांनी फेसबुक, इन्स्टाग्राम, ब्राउझर यांची केली तरी पुरे.

‘क्लिअर डेटा’ म्हणजे ॲप नव्याने घेतल्यासारखे कोरे होणे. बँकेच्या किंवा यूपीआयच्या ॲपवर हे केले की पुन्हा सिमवरून एसएमएस पाठवून नोंदणी आली. दोन टप्प्यांच्या सुरक्षेचे आकडे देणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपचा डेटा बॅकअपशिवाय पुसला तर खात्यांत शिरायची वाटच बंद होऊ शकते. टेलिग्रामचे मात्र वेगळे आहे. त्यातले फोटो-व्हिडिओ त्यांच्या सर्व्हरवर राहतात. ॲपमधल्या ‘डेटा अँड स्टोरेज’, ‘स्टोरेज युसेज’ इथून सगळी कॅशे पुसली तरी हवे तेव्हा पुन्हा उतरवता येते.

फोनमधून फोटो काढला तर गूगल फोटोज किंवा आयक्लाउडमधूनही जातो का?

याचे उत्तर कुठल्या बटनाने काढला यावर आहे. सर्वांत जास्त नुकसान याच प्रश्नावर होते, म्हणून सावकाश वाचा.

गूगल फोटोजमध्ये फोटो निवडून कचराटोपलीचे चिन्ह दाबले तर तो फोन आणि क्लाउड (इंटरनेटवरचा साठा) दोन्हींकडून जातो. त्याच ॲपमधले ‘फ्री अप स्पेस’ वापरले तर आधीच वर चढलेल्या फोटोंची फोनमधली प्रत तेवढी जाते, क्लाउडमधली राहते. जागा मोकळी करायला हेच वापरायचे. चुकून टोपलीत गेलेला फोटो बॅकअप झालेला असेल तर ६० दिवस, नसेल तर ३० दिवस परत मिळतो.

आयक्लाउड फोटोज हा बॅकअप नव्हे, आरसा आहे. आयफोनवर पुसले की आयपॅडवरून, मॅकवरून, सगळीकडून जाते. परत आणायला ३० दिवस मिळतात. तिथे जागा वाचवायचा मार्ग म्हणजे ‘सेटिंग्ज’मध्ये ‘फोटोज’ उघडून ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ निवडणे. मोठी मूळ फाइल क्लाउडवर राहते, फोनात हलकी प्रत. पण आयक्लाउड फुकटात ५ जीबीच देते. ते भरले की नवे फोटो वर चढत नाहीत आणि ही सोयही तिथेच अडते.

‘फ्री अप स्पेस’ दाबण्याआधी तीन गोष्टी बघा. ॲपमध्ये ‘बॅकअप कम्प्लीट’ दिसते का? व्हॉट्सॲपचा आणि डाउनलोडचा फोल्डर बॅकअपमध्ये घेतला आहे का, कारण तो आपोआप घेतला जात नाही? आणि दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर त्याच खात्याने शिरल्यावर कालचा शेवटचा फोटो दिसतो का? आपल्याकडे गोव्यात पावसाळ्यात वीज जाते, तिच्यामागोमाग वायफाय जाते आणि बॅकअप अर्ध्यावर लटकतो. १० जीबी वर चढवायला १० एमबीपीएस अपलोडवर सव्वादोन तास लागतात, आणि वाळपई-सांग्याच्या आतल्या वाड्यांत तेवढा वेग मोबाइलवर मिळेलच असे नाही. रात्री चार्जरला लावून, वायफायवर, ॲप उघडे ठेवून हे काम होऊ द्या.

घुमट आरतीचा एक व्हिडिओ घेतला आणि १० जीबी गेले. हे कसे?

कॅमेऱ्यात ४के (खूप बारीक तपशिलाचे चित्र), सेकंदाला ६० फ्रेम असे ठेवले असणार. आयफोनच्या ‘हाय एफिशिअन्सी’ या कमी जागा घेणाऱ्या प्रकारात मिनिटाचा हिशेब असा: १०८०पी (फुल एचडी) ३० फ्रेमला ६० एमबी, ४के ३० फ्रेमला १७० एमबी, ४के ६० फ्रेमला ४०० एमबी. आरती पंचवीस मिनिटे चालली तर अनुक्रमे दीड जीबी, सव्वाचार जीबी आणि पुरे १० जीबी. अँड्रॉइडचे आकडे थोडे इकडेतिकडे, प्रमाण तेच.

घरगुती आरती, माटोळी (गणपतीवर बांधलेली फळापानांची सजावट), मुलांचे नाच यांना १०८०पी ३० फ्रेम भरपूर झाले. फोनच्या पडद्यावर ४केचा फरक दिसत नाही. नंतर कापून-जोडून मोठ्या पडद्यावर दाखवायचे असेल तरच ४के घ्यावे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘हाय एफिशिअन्सी’ किंवा ‘एचईव्हीसी’ चालू आहे ना, हेही बघा. जुन्या एच.२६४ प्रकारात १०८०पी सुद्धा मिनिटाला १३० एमबीपर्यंत जाते, म्हणजे दुप्पट. एक तिढा आहे. आयफोनवर याच सेटिंगने फोटो एचईआयसी प्रकारात येतात आणि पुष्कळ ऑनलाइन अर्ज तो प्रकार घेत नाहीत. अर्जापुरता फोटो जेपीजीमध्ये बदलून घ्या, त्यासाठी सगळा कॅमेरा मागे नेऊ नका.

जत्रेच्या रात्रीचे तीन तासांचे नाटक १०८०पीमध्ये जवळपास ११ जीबी होते. सुरू करण्याआधी १५ जीबी मोकळे करा, फोन विमान मोडवर ठेवा आणि अंक पडला की रेकॉर्डिंग थांबवून नवे सुरू करा. एकच लांबलचक फाइल करत राहिलात आणि शेवटच्या प्रवेशात बॅटरी गेली, तर ती फाइल बंद न झाल्याने अख्खी उघडेनाशी होऊ शकते. अंकागणिक तुकडे केले तर फार तर शेवटचा तुकडा जातो.

भजन फक्त ऐकण्यासाठी टिपायचे आहे. व्हिडिओ न घेता किती जागा लागेल?

खूपच कमी. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते, त्याचेच माप घेऊ. १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये तासाला ५८ एमबी, म्हणजे अख्ख्या चोवीस तासांना १.४ जीबी. तेच सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलमध्ये तासाला ६३५ एमबी, चोवीस तासांना १५ जीबीच्या वर. शिवाय साध्या वेव्ह फाइलला ४ जीबीची मर्यादा असते, ती पावणेसात तासांच्या सुमारास गाठली जाते. पखवाज-हार्मोनियमचा नाद नीट हवा असेल तर २५६ केबीपीएस घ्या. तरी चोवीस तास तीन जीबीच्या आतच बसतात.

जीमेलला मेल येणेच बंद झाले. फोनात तर जागा आहे.

ती फोनची जागा नव्हे, गूगल खात्याची. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून १५ जीबी फुकट. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधले हलके केलेले फोटोही यात मोजले जातात, आणि आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपसुद्धा. १५ जीबी ओलांडले की मेल येत नाही, जात नाही.

पहिला उपाय व्हॉट्सॲपच्या बॅकअप सेटिंगमध्ये आहे. ‘इन्क्लूड व्हिडिओज’ बंद करा. एकट्या या खुणेने चार-पाच जीबी सुटलेले दिसतील. मग गूगल वन ॲपमधले साफसफाईचे पान उघडा, ते मोठ्या फाइली आणि मोठी जोडपत्रे असलेल्या मेल वेगळ्या काढून दाखवते. कॉम्प्युटरवर जीमेलच्या शोधपट्टीतून ‘१० एमबीपेक्षा मोठे’ असेही शोधता येते. शेवटी जीमेल आणि ड्राइव्ह दोन्हींची टोपली स्वतः रिकामी करा, नाहीतर आकडा ३० दिवस हलणार नाही.

इतके पुसले तरी जागा वाढत नाही. का?

टोपली रिकामी केलेली नाही. गॅलरीची वेगळी, गूगल फोटोजची वेगळी, ‘माय फाइल्स’ची तिसरी. तिन्ही बघा. आयफोनवर ‘रिसेंटली डिलीटेड’.

शिवाय ‘ड्युअल ॲप’ने दुसरे व्हॉट्सॲप चालवत असाल तर त्याचा साठा स्वतंत्र असतो. पहिले कितीही झाडले तरी दुसरे तसेच.

मेमरी कार्ड घ्यावे का? कोणते?

खाच असेल तर जरूर, पण फक्त फोटो, व्हिडिओ, गाणी यांच्यासाठी. आधी सिमचा ट्रे काढून बघा. कित्येक फोनांत दुसरे सिम किंवा कार्ड, दोहोंपैकी एकच बसते. आयफोनला खाच नाहीच.

व्हिडिओ थेट कार्डावर घ्यायचा असेल तर त्यावर यू३ किंवा व्ही३० ही खूण हवी. ए१, ए२ या खुणा ॲप चालवण्याच्या वेगाच्या आहेत. तरी कार्डाला ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट करण्याच्या भानगडीत पडू नये. तसे केल्यावर कार्ड त्या एका फोनशी बांधले जाते, दुसरीकडे वाचता येत नाही, आणि कार्ड गेले की त्यावरची ॲपही गेली.

स्वस्तात ५१२ जीबी किंवा १ टीबी मिळाले तर समजावे की काहीतरी काळेबेरे आहे. नकली कार्डात आत ३२ जीबीच असतात आणि चिप मोठा आकडा सांगत राहते. खरी जागा भरली की पुढचे फोटो लिहिल्यासारखे दिसतात, पण उघडत नाहीत. नवे कार्ड वापरण्याआधी विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्स किंवा मॅकवर एफ३ हा फुकट प्रोग्रॅम लावा. तो कार्ड शेवटपर्यंत भरून परत वाचतो. १२८ जीबीला दोन-तीन तास लागतात. पैसे परत मिळण्याची मुदत संपायच्या आत करा.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी एवढे पाहावे: खाऱ्या दमट हवेने कार्डाच्या पिवळ्या पट्ट्या काळवंडतात आणि कार्ड मधूनच दिसेनासे होते. मऊ कोरड्या कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एखादा थेंब घेऊन पुसा, पूर्ण वाळू द्या. वापरात नसलेली कार्डे आणि पेनड्राइव्ह घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तिथे यांनाही सुख नसते.

पेनड्राइव्हवर मोठा व्हिडिओ जातच नाही, ‘फाइल टू लार्ज’ म्हणतो.

पेनड्राइव्ह एफएटी३२ प्रकारात आहे. त्यात ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, ड्राइव्ह २५६ जीबीचा का असेना. आतले दुसरीकडे काढून एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करा. ओटीजी (फोनच्या खाचेत बसणारा) पेनड्राइव्ह अँड्रॉइडला थेट लागतो. आयफोन १५ पासून, म्हणजे २०२३ पासून, आयफोनलाही टाइप-सी लागतो, आधीच्यांना लायटनिंगचा अडॅप्टर हवा.

हलवताना ‘कट’ करू नका, ‘कॉपी’ करा. मग दोन्हीकडच्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा, पहिली, मधली आणि शेवटची फाइल पेनड्राइव्हवरून चालवून बघा, आणि त्यानंतरच फोनमधले काढा. आयफोनवर ‘ऑप्टिमाइझ’ चालू असेल तर मूळ फोटो फोनात नसतातच, त्यामुळे विंडोजवर कॉपी करताना काही फोटो गायब दिसतात. ते आयक्लाउडच्या वेबसाइटवरून उतरवा. आणि पेनड्राइव्ह ही एकुलती एक प्रत ठेवू नका. लग्नाचे फोटो दोन ठिकाणी असलेच पाहिजेत, त्यांतले एक ठिकाण घराबाहेरचे.

आयफोनवर ‘सिस्टीम डेटा’ १५-२० जीबी दाखवतो. तो कसा काढू?

थेट पुसता येत नाही. फोन बंद करून चालू करा, सफारीचा इतिहास साफ करा, चित्रपटांच्या ॲपमधली डाउनलोड काढा आणि एक दिवस वाट बघा. बहुधा कमी होतो. नाही झाला तर कॉम्प्युटरला जोडून अपडेट करा. तसे केल्याने फोनात कमी मोकळी जागा असूनही काम होते. अगदीच अडले तर पूर्ण बॅकअप घेऊन रीसेट आणि परत भरणे, पण त्याला अख्खी दुपार जाते.

‘क्लीनर’ ॲप टाकू का?

नको. फोनात ते काम करणारी सोय आधीच आहे. गूगलचे ‘फाइल्स’ हवे तर घ्या. बाकीची बरीचशी जाहिराती दाखवतात, फोटोंपर्यंतची परवानगी मागतात आणि स्वतःच शे-दोनशे एमबी खातात.

मुलांचा ३२ जीबीचा टॅबलेट सतत भरतो.

३२ मधून सिस्टीम वजा जाता १५-१८ उरतात. एकेक गेम दोन-तीन जीबीचा. तेव्हा एका वेळी दोनच गेम, हा नियम घरातच करावा लागतो. तो सेटिंगमध्ये मिळत नाही.

बाकी उपाय आहेत. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘ऑटोमॅटिकली आर्काइव्ह ॲप्स’ चालू करा, आयपॅडवर ‘ऑफलोड अनयूज्ड ॲप्स’. वापरात नसलेले ॲप जाते, त्यातली माहिती आणि चिन्ह राहते. टॅबलेटवर वडिलांसाठी, आईसाठी, मुलांसाठी वेगळे युजर केले असतील तर प्रत्येकाचा साठा निराळा असतो, न लागणारे युजर काढा. आणि फोनचे व्हॉट्सॲप टॅबलेटलाही जोडले असेल तर ग्रुपमधले तेच व्हिडिओ दोन्हीकडे उतरतात. टॅबलेटवरचे ऑटो-डाउनलोड वेगळे बंद करावे लागते.

जमिनीचे, घराचे कागद फोनात फोटो काढून ठेवले आहेत. साफसफाईत जातील ही भीती वाटते.

भीती रास्त आहे. जमिनीचा फॉर्म १ आणि १४ चा उतारा, घरपट्टीची पावती, वीजबिल हे सगळे गॅलरीत माटोळीच्या फोटोंमध्ये मिसळलेले असते. गूगल ड्राइव्हमधल्या स्कॅनने कागद पीडीएफ करा. चार एमबीचा फोटो काही शे केबीवर येतो आणि अक्षरही स्वच्छ दिसते. फाइलीला लगेच नाव द्या: ‘घरपट्टी २०२५’, ‘उतारा सर्व्हे क्रमांक अमुक’. आधार, वाहन परवाना, आरसी यांसाठी डिजिलॉकर आहे. त्यात खात्यांनी थेट दिलेले कागद कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचे धरले जातात. तुम्ही स्वतः चढवलेल्या स्कॅनला तो दर्जा नसतो, त्यासाठी १ जीबी जागा मात्र मिळते.

रेंज नसलेल्या भागात जायचे आहे. नकाशा उतरवला तर जागा फार जाईल का?

गोव्याएवढ्या भागाला फार लागत नाही. गूगल मॅप्समध्ये ‘ऑफलाइन मॅप्स’ उघडून चौकट ओढली की उतरवण्याआधीच आकडा दाखवतो. आधी उतरवलेले मुंबई-बंगळूरचे नकाशे तिथेच पडून असतील, ते काढा.

मेमरी कार्ड ‘डॅमेज्ड’ दाखवतो आणि फॉरमॅट करायला सांगतो. करू का?

नाही. कार्ड ताबडतोब बाहेर काढा आणि त्यावर काहीही नवे लिहू नका. पुष्कळदा फाइलींची अनुक्रमणिका बिघडलेली असते, फाइली जागेवरच असतात. कार्ड रीडरने कॉम्प्युटरला जोडून फोटोरेक हा फुकट प्रोग्रॅम चालवा आणि सापडलेल्या फाइली कॉम्प्युटरवरच साठवा, त्याच कार्डावर नको. मूळ नावे येत नाहीत, फोटो-व्हिडिओ मात्र बरेच येतात. कार्ड रीडरमध्येही ते मुळीच दिसत नसेल, तर बिघाड चिपमध्ये आहे. मग घरी प्रयोग करत बसू नका. डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या आणि किती मिळेल, किती पैसे लागतील हे आधी विचारा. परत मिळालेल्या फाइली दोन ठिकाणी ठेवून झाल्यावर ते कार्ड टाकून द्या. फॉरमॅट करून पुन्हा चालले तरी त्यावर परत काही ठेवू नका.